दैत्य पायाखाली : वाचनालयाच्या भिंतीच्या नोंदी

२ जुलै २०२५

वाचनालयाच्या व्हरांड्यातली लांब भिंत रंगवायची, हे आज समितीत नक्की झालं. विषयावर फारशी चर्चा झाली नाही. लोणार तालुक्यात राहतो, तेव्हा लोणासुराचीच गोष्ट घ्या, असं सगळ्यांनी म्हटलं. मला ती हवीच आहे, पण तिच्या शेजारी आणखी काही गोष्टी ठेवून बघायच्या आहेत. वीर, अजस्र सर्प किंवा दैत्य आणि दोघांच्या मधे एक शस्त्र, हे चित्र माणसांनी जागोजागी काढलंय. वेदातला इंद्र आणि वृत्र, यमुनेतला कालिया, युरोपातला संत जॉर्ज, उत्तरेकडच्या थंड मुलखातला सिगुर्ड. एकमेकांची भाषाही माहीत नसलेल्या लोकांना हेच चित्र का लागतं? आणि ते बघताना आपल्या पोटात काय हलतं? हे मुलांबरोबर शोधायचं आहे.

हाताशी आठवी-नववीची मुलंमुली आहेत. शाळा आत्ताच उघडल्यात, त्यामुळे अभ्यासाचा ताण नाही. शनिवारची दुपार आणि रविवार मिळेल.

५ जुलै

भिंत मोजली. २२ फूट लांब, ८ फूट उंच. वरचा भाग ठणठणीत आहे, पण खालच्या दोन फुटांत लोणा फुटलाय. हात फिरवला की पांढरी पूड येते आणि गिलावा पोकळ वाजतो. पोरांनी तारेच्या ब्रशनं तासभर घासलं. गावातले मिस्तरी बघायला आले, त्यांनी बोटावरची पूड जिभेला लावली आणि म्हणाले, "घासून काय होते मॅडम? पानी कुठून येते ते पाहा आंधी." मागे जाऊन पाहिलं तर छपराचं पाणी उतरवणारा पाइप तळाशी फुटलेला होता आणि सगळं पाणी पायात मुरत होतं.

पाइप बदलायचा, खालचा गिलावा काढून नवा करायचा आणि तो पुरता वाळेपर्यंत प्रायमरला हात लावायचा नाही. पावसाळ्यात हे सावकाशच होणार. तोपर्यंत कागदावर काम.

१३ जुलै

मुलांना घेऊन लोणारला जाऊन आले. आधी काठावर उभं राहून सरोवर पाहिलं. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा बाहेरून येऊन आदळलेल्या अशनीनं आपल्या काळ्या बेसाल्टात पाडला. १८२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या माणसांकडे या खड्ड्याचा स्वतःचा खुलासा होता. जमिनीच्या पोटात लोणासुराची गुहा होती. विष्णू देखण्या तरुणाचं रूप घेऊन आला. दैत्याच्या बहिणींचं मन त्याच्यावर बसलं आणि त्यांच्याकडून त्याला गुहेचा पत्ता कळला. पायाच्या अंगठ्यानं त्यानं गुहेचं झाकण उडवलं, आत दैत्य झोपलेला होता, आणि त्याला तिथंच मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते या मुलांना आठवतं, तेव्हा ती तिसरी-चौथीत असतील. क्षार वाढले की खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव तो रंग आणतात, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. मी मुलांना दोन्ही सांगितलं. एकीनं दुसरीला खोडावं असं मला वाटत नाही. क्षार मोजता येतात. आपल्या पायाखालच्या जमिनीत काहीतरी दडलंय ही भीती मोजता येत नाही, तिला गोष्ट लागते.

मग गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गेलो. तारकाकृती तळाचं देऊळ, बाहेरच्या भिंतींवर कोरीव कामाची दाटी, आणि आत शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो. विष्णू दैत्यावर उभा आहे. नववीतली एक मुलगी बराच वेळ मूर्तीच्या पायांकडेच बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मॅडम, मारून झालं तं मंग देव खाली काऊन नाही उतरला?"

हा प्रश्न मी वहीत ठळक लिहून ठेवला. आत्तापर्यंत मी या गोष्टींतला वध शोधत होते. इथं वध कधीच होऊन गेलाय आणि देव अजून उभा आहे. रोज सकाळी पूजा होते ती या उभं राहण्याची. पाय उचलला तर खालचा उठेल, असं ती मूर्ती बघताना वाटतं.

भिंतीवरचं चित्र याच धाग्यानं उभं करायचं.

२० जुलै

पाओलो उच्चेलोचं संत जॉर्जचं चित्र मोठं छापून आणलं. साधारण १४७० चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मूळ कथा तेराव्या शतकात लॅटिनमध्ये लिहिलेल्या संतचरित्रांच्या संग्रहातून युरोपभर पोचली. लिबियातल्या एका नगराजवळच्या तळ्यात ड्रॅगन राहतो. लोक त्याला आधी मेंढ्या देतात, मेंढ्या सरत आल्यावर चिठ्ठ्या टाकून माणसं, आणि एक दिवस राजकन्येची चिठ्ठी निघते. जॉर्ज घोड्यावरून येतो, भाल्यानं ड्रॅगनला लोळवतो आणि राजकन्येला सांगतो की तुझा कमरपट्टा याच्या गळ्यात टाक. तो पट्टा पडल्यावर ड्रॅगन तिच्यामागून निमूट चालू लागतो. नगरात आणल्यावर, लोकांनी बाप्तिस्मा घेण्याचं कबूल केल्यावर, जॉर्ज त्याला ठार करतो.

चित्रकारानं यातले दोन क्षण एकाच चौकटीत ठेवलेत. उजवीकडे पांढऱ्या घोड्यावरचा जॉर्ज ड्रॅगनच्या डोक्यात भाला खुपसतोय, त्याच्या पाठीमागे आभाळात ढगांची भोवऱ्यासारखी गिरकी. डावीकडे गुहेच्या तोंडाशी राजकन्या उभी आहे आणि ड्रॅगनच्या गळ्यातल्या पट्ट्याचं टोक तिच्या हातात आहे. ना किंचाळतेय, ना पळतेय.

मुलांनी लगेच पकडलं. "तिनं तं बांधला हाय ना त्याले, मंग हा काऊन मारून राह्यला?"

त्यावर अर्धा तास वाद झाला. एक गट म्हणतो, बांधलेला सुटू शकतो, मारलेला बरा. दुसरा म्हणतो, ज्याला बाई हातात धरून चालवते त्याला मारण्यात कसला पराक्रम? मी मधे पडले नाही. पण मला या चित्रात माणसाच्या आतल्या दोन रीती अगदी शेजारी शेजारी दिसतात. राग, हाव, भीती जे काही उसळतं ते भोसकून टाकायचं ही एक, आणि त्याच्या गळ्यात आपला पट्टा टाकून त्याला सोबत चालवायचं ही दुसरी. युरोपनं पुढं शेकडो वेळा हा प्रसंग रंगवला, कोरला, आणि बहुतेक ठिकाणी भालाच पुढं आला. पट्ट्याची गोष्ट मागं पडली.

२९ जुलै, नागपंचमी

आज काम बंद. जमीन खणायची नाही, काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. मिस्तरींनीही करणी-थापीला हात लावला नाही.

शेजारच्या काकूंकडे बसले होते. दाराशेजारच्या भिंतीवर त्यांनी गंधानं नाग काढला. आधी एक सरळ रेघ, मग दोन्ही बाजूंनी वळसे, शेवटी फणा, आणि डोळे मात्र काजळाचे. एकदाही हात थांबला नाही. मग लाह्या, दूध, आणि कहाणी. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं चिरडली जातात. नागीण येऊन शेतकऱ्याला, त्याच्या बायकोला, पोरांना डसते. सासरी असलेल्या लेकीलाही डसायला ती जाते, तर लेक पाटावर नाग काढून दूध-लाह्यांची पूजा करत बसलेली. नागीण शांत होते, तिला अमृत देते, ती ते माहेरी नेऊन सगळ्यांना उठवते.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय, पण भाल्याच्या चित्रानंतर आज ती वेगळीच ऐकू आली. इथं पहिला घाव माणसाचा आहे, न कळत घातलेला. सर्पाचा राग खरा आहे आणि त्याला कारण आहे. आणि जी मुलगी सगळं सावरते ती लढत नाही, ती त्याचं चित्र काढून त्याच्यासमोर बसते. ज्या मुलखात सोयाबीन-कपाशीत वाकून काम करताना घोणस, मण्यार, नाग कधीही पायाशी निघू शकतो, दवाखाना लांब असतो आणि दर पावसाळ्यात आसपासच्या कुठल्या ना कुठल्या घरावर हा घाला येतो, त्याच मुलखातल्या बायकांनी ही कहाणी जपली. भाबडेपणानं जपली असं कुणी म्हणू नये. त्यांना विष चांगलं माहीत आहे.

भिंतीची डावी बाजू ठरली. नाग काढणारी बाई, काकूंचाच हात बघून.

३ ऑगस्ट

आज फाफ्निर, सिगुर्ड ज्याला मारतो तो. हा जन्माचा ड्रॅगन नाही. सोन्यासाठी बापाला मारतो, त्या सोन्यावर पडून राहतो आणि सर्प होतो. नॉर्वेतल्या ह्यूलेस्टाडच्या लाकडी चर्चच्या दारावर साधारण १२०० च्या सुमाराला ही कथा कोरली गेली. ऐकल्या ऐकल्या एक पोरगा म्हणाला, "आमची आजी सांगते, धनात जीव अडकला तं माणूस नाग होऊन त्याच्यावर बसते." इतक्या दूरच्या दोन गावांना लोभाचं एकच रूप दिसलं. बाकी या कथेला भिंतीवर जागा नाही.

१० ऑगस्ट

गिलावा वाळत आलाय. आज भजनी मंडळाचे बुवा येऊन बसले, त्यांना ऋग्वेदातलं वृत्राचं सूक्त अर्थासह वाचून दाखवलं. पहिल्या मंडलातलं बत्तिसावं. वृत्र पर्वतावर वेटोळं घालून पाणी अडवून बसलाय. इंद्र वज्रानं त्याला मारतो आणि हंबरत निघालेल्या गाईंसारखं पाणी थेट समुद्राकडे धावतं. बुवा म्हणाले, "पानी अडोलं म्हनून मारलं. बराबर हाय." पेरणीनंतर पंधरा पंधरा दिवस आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्याला हे सूक्त समजावून सांगावं लागत नाही.

पण मला बुवांना दाखवायची होती ती चौदावी ऋचा. कवी इंद्रालाच विचारतो: मारल्यावर तुझ्या हृदयात भय शिरलं, तेव्हा तुला असा कोण सूड घेणारा दिसला, की भेदरलेल्या ससाण्यासारखा नव्याण्णव नद्या ओलांडून तू पळालास?

बुवा गप्पच झाले. मग म्हणाले, "जितलेल्याले भेव वाटलं?" हो. विजयाचं गाणं गाता गाता कवी हे लिहून ठेवतो. मोठं भांडण जिंकून घरी आलेल्या माणसाची रात्र कशी जाते, हे त्याला ठाऊक होतं. मला वाटतं हे सूक्त याच ऋचेमुळे इतकं खरं आहे. आपल्या आतलंही काही तडकाफडकी तोडून टाकलं की नंतर नेमकं हेच होतं. मोकळं वाटण्याआधी पळावंसं वाटतं.

१७ ऑगस्ट

काल गोकुळाष्टमी झाली, दहीहंडीनं पोरं दमलीत, तरी आली. कालियाचा प्रसंग घेतला. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्ण त्याच्या फणांवर नाचतो, नाग रक्त ओकू लागतो, नागपत्नी येऊन विनवतात. शुद्धीवर आल्यावर कालिया जे बोलतो ते फार मोलाचं आहे. आम्ही जन्मतःच दुष्ट, तामसी, दीर्घ रागाचे. स्वभाव सुटणं अवघड. आणि ही सृष्टी तूच निर्माण केलीस. सापडलेल्या अपराध्यानं इतकं स्वच्छ बोलावं! कृष्ण त्याला मारत नाही, समुद्रात परत पाठवतो. सांगतो की तुझ्या डोक्यावर माझ्या पावलांच्या खुणा आहेत, त्यामुळे आता गरुड तुला खाणार नाही. ज्या पायांनी चिरडलं तेच पाय त्याचं रक्षण करतात.

चोळांच्या काळातल्या कांस्यमूर्तींचे फोटो दाखवले. बाळकृष्णाच्या डाव्या हातात नागाची शेपटी, उजवा हात अभयमुद्रेत. मुलांना तोल आवडला, एका पायावर उभं राहून सगळ्यांनी करून पाहिलं. शेपटी धरल्याशिवाय तो नाच होत नाही, हे त्यांना अंगानंच कळलं.

उजवी बाजू: समुद्राकडे निघालेला कालिया, पाठमोरा, फणांवर पावलं. मधे: वरून पाहिलेलं सरोवराचं वर्तुळ, त्याच्या तळाशी दैत्य, वर उभा विष्णू. कुठंही घाव घातला जाण्याचा क्षण नाही.

२४ ऑगस्ट

पोळ्याची सुट्टी संपली. प्रायमरचा पहिला हात झाला.

मुलांना चिठ्ठ्या दिल्या, नाव न घालता लिहायचं: तुमच्या आतला दैत्य कोणता? बऱ्याच जणांनी राग लिहिला, काहींनी मोबाईल, एकानं गणित. एका चिठ्ठीवर होतं: "घरी टेन्शन असते तेव्हा मी काहीच बोलत नाही. तो." दुसरीवर: "बाबांसारखा होईन याची भीती." चिठ्ठ्या वाचून झाल्यावर मी चुलीत टाकल्या, तसं त्यांना आधीच सांगितलं होतं.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९१२ च्या ग्रंथात आणि त्यांचे शिष्य एरिक नॉयमान यांनी १९४९ मध्ये या युद्धाचा अर्थ मनाच्या वाढीशी जोडला. नेणिवेच्या, आईच्या कुशीसारख्या अंधारातून माणसाचं 'मी' बाहेर पडतं, आणि बाहेर पडायला त्याला तिथल्या सर्पाशी झगडावं लागतं. खजिना सर्पाच्याच ताब्यात असतो. हे मला पटतं, पण पुरत नाही. त्यांचा वीर फार एकटा आहे. कालियाच्या डोहाकाठी नंद-यशोदा आहेत, गोप आहेत, सगळे पाण्यात उडी घ्यायला निघालेत आणि बलराम त्यांना थोपवून धरतोय. ज्या मुलानं 'मी बोलत नाही' लिहिलं, त्याला एकट्यानं लढायला सांगणं मला क्रूर वाटतं. त्याला काठ हवा.

बुवांना चिठ्ठ्यांबद्दल, म्हणजे नुसतं विचारलं होतं इतकंच, सांगितलं. त्यांनी तुकोबांचं चरण म्हटलं: "रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन ॥" या लढाईला शेवटचा दिवस नाही. म्हणूनच लोणारचा देव खाली उतरत नाही.

काठावर माणसं घालायची. वर्तुळाच्या कडेनं, गावातली, ओळखू येणारी.

७ सप्टेंबर

गणपती उठले. समितीला कच्चं चित्र दाखवलं. एक ज्येष्ठ सदस्य नाराज झाले. "देव लढताना दिसलाच पाह्यजे. रगत दिसलं पाह्यजे. हे काय, नुसता उभा?" मी मूर्तीचा दाखला दिला. ते म्हणाले, "मंदिरात ठीक हाय. इथं लहान लेकरू येईन. भेव वाटनाऱ्याले हत्यार दिसलं पाह्यजे."

हे म्हणणं मला बाजूला सारता येईना. रात्रभर डोक्यात रामटेक होतं. तिथल्या केवल नृसिंहाची मूर्ती वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. नृसिंह म्हटलं की मांडीवर फाडलेला हिरण्यकशिपू डोळ्यांपुढं येतो. रामटेकला तो नाही. नृसिंह एकटाच बसलाय, एक गुडघा वर, हातात चक्र. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच विदर्भातल्या शिल्पकारानं वध गाळला आणि शस्त्र ठेवलं.

सकाळी त्या काकांकडे जाऊन फोटो दाखवला. विष्णूच्या हातात चक्र येईल, मोठं, दारातून शिरताच दिसेल असं, पण फेकलेलं नाही, धरलेलं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "चालते. पन धार दिसू द्या." धार दाखवायची.

१४ सप्टेंबर

दैत्याचा चेहरा. खाली फिकट गुलाबी, २०२० च्या पाण्यासारखा, त्यावर काळ्या-करड्याचे पातळ हात, मधूनमधून गुलाबी बाहेर डोकावू दिलं. कातळच वाटला पाहिजे. मुलांना सुळे आणि शिंगं हवी होती. सुळे ठेवले, शिंगं काढली. शिंगं आली की चेहऱ्याकडे कुणी बघत नाही.

डोळे उघडे की मिटलेले यावर अडलं. गोष्टीत तो झोपलेला आहे. नववीतल्या त्याच मुलीनं दोन नंबरचा ब्रश घेतला, डाव्या डोळ्याची पापणी पूर्ण मिटवली आणि उजव्या डोळ्याच्या पापणीखाली केसाएवढी पांढरी फट ठेवली. झोपलाय, पण आहे. मी त्यावर पुन्हा हात फिरवला नाही.

२१ सप्टेंबर

काठावरची माणसं झाली. मिस्तरी करणी घेऊन उभे, बुवा टाळांसह, काकू, ते समितीतले काका. कुणी घाबरून पळत नाही, सगळे खाली बघतायत. कालियाचे फणे दोन बसणीत झाले, पावलांसाठी पोरांनी स्वतःचे पाय चुन्यात बुडवून छाप घेतले. मधल्या भागातला हिरवा रंग फार भडक झालाय, त्यावर करड्याचा एक हात द्यावा लागेल.

दुपारी मुलींनी नवीन मुद्दा काढला. दैत्याच्या बहिणी कुठं आहेत? पत्ता त्यांच्याकडूनच कळला ना? भावाचं घर दाखवून दिलेल्या त्या बायकांचं पुढं काय झालं? मला माहीत असलेल्या गोष्टीत त्या पत्ता सांगतात आणि तिथून नाहीशा होतात. उच्चेलोची राजकन्या निदान पट्टा धरून उभी तरी आहे. आपल्या आतही असंच कुणीतरी असतं, दैत्याच्याच घरातलं, त्याला ओळखणारं, आणि त्यानं तोंड उघडल्याशिवाय झाकण निघत नाही. इतका महत्त्वाचा भाग भिंतीबाहेर ठेवता येणार नाही.

दाराच्या डाव्या अंगाला तीन फुटांची एक अरुंद पट्टी कोरी आहे. दोघी तिथं मावतील, उभ्या, एकमेकींकडे वळलेल्या. मुली पुढच्या रविवारी चेहऱ्यांची रेखाटनं घेऊन येणार आहेत. मला इमल्शनचा एक डबा, पिवळा आणि काळा स्टेनर मागवायचाय, आणि नवरात्रात दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारायचंय.